पिंपं कोण बनवत होतं?

शोकसभेत अध्यक्ष म्हणाले, "गेल्या वर्षी रामटेकेसरांनी आपल्याला जे अभ्यासपूर्ण व्याख्यान दिलं, ते आपल्यापैकी कोणीही विसरू शकणार नाही." समोरच्या खुर्च्यांवरच्या माना हलल्या. एकदोघींनी डोळे टिपले.

प्रभाकर रामटेके यांनी परदेशातल्या आमच्या या मराठी मंडळात व्याख्यान दिलेलंच नव्हतं. त्यांना ते देऊ दिलं गेलं नव्हतं, आणि ज्यानं देऊ दिलं नाही तोच आता माईक धरून उभा होता. मी उठले. मला सभेत बोलायची सवय नाही. उठताना मांडीवरची पर्स खाली पडली आणि ती उचलून मी सरळ होईपर्यंत अध्यक्षांनी दोन मिनिटं मौन जाहीर केलं. सगळे उभे राहिले. मी आधीच उभी होते, त्यामुळे माझं उठणं कोणाच्या लक्षातही आलं नाही.

ते मौन माझ्या बाजूनं अजून संपलेलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. सुरुवात चुकीच्या गोष्टीपासून केली, कारण रामटेक्यांची तशी शिस्त होती. आधी गळती सांगायची, मग उत्पादन.

आंग मो किओ या इथल्या उपनगरातल्या आमच्या इमारतीत ते माझ्या दोन मजले वर राहत. जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षेचे इंजिनियर होते. उजाडता उजाडता कंपनीची बस यायची. त्या बेटावर पासशिवाय पाऊल टाकता येत नाही, म्हणून पास गळ्यात असायचा, तो घरी आल्यावरही निघत नसे. जेवताना वरणात बुडू नये म्हणून ते तो शर्टाच्या खिशात खोचत. सुनंदावहिनी वैतागून म्हणायच्या, "झोपतानाही घाला आता."

"घालतोच ना. स्वप्नातसुद्धा गेटवर अडवतात, बाप्पा."

उंच, मानेत किंचित वाकलेले आणि हाताला एक खोड. समोर येईल ती वस्तू बोटाच्या पेरानं ठोकून पाहायची. कारखान्यातल्या टाक्या ठोकून ठोकून लागलेली सवय. लिफ्टची भिंत, एमआरटी मेट्रोतला खांब, भाजीवाल्याचं कलिंगड, माझ्या पुस्तकांचं कपाट, सगळ्यांवर टकटक व्हायची आणि कान जरासा त्या बाजूला कलायचा. आत काय आहे आणि कुठवर आहे, हे आवाज सांगतो, असं ते म्हणत. माणसांनाही ते असंच ठोकून बघत असावेत. फक्त तिथं बोटाऐवजी प्रश्न असे.

भेटल्यावर "कसे आहात" असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. लिफ्टचं दार उघडलं की, "काय ताई, आज काय गळलं?" मी वन-नॉर्थमध्ये एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांचे लेख तपासायचं काम करते. माझ्याकडे गळण्यासारखं फार नसतं. तरी मी काहीतरी सांगायची. कोणाचं तरी नाव लेखातून राहून गेलं, एखाद्या आलेखाखाली चुकीचा मथळा गेला. ते मनापासून म्हणायचे, "वा! सापडलं ना? मग झालं."

ही त्यांच्या कारखान्यातली रीत. रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी सगळे गोलात उभे राहतात. त्याला टूलबॉक्स मीटिंग म्हणतात. तिथं आधी कालच्या चुका सांगायच्या. काय सांडलं, काय पडता पडता वाचलं, कोणाचा हात कुठे जाता जाता राहिला. जो सांगेल त्याला कोणी बोल लावत नाही, उलट टाळ्या वाजवतात. ते सगळं झालं की मगच आजच्या कामाचं बोलायचं. रामटेके म्हणायचे, "इतकी वर्षं झाली, ताई, माणसानं काढलेल्या रीतींमधली ही एकच मला पुरती पटली. ती माणसाची जात विचारत नाही. गळती विचारते."

घरी जेवताना त्यांनी ही रीत लावली होती. मुलगी मैत्रेयी इथल्याच शाळेत वाढलेली, उत्तरं इथल्या, शेपटाला 'लाह' लावलेल्या इंग्रजीत देणारी. ती ताटावरून मान वर न करता म्हणायची, "पप्पा, धिस इज डिनर लाह. नॉट जुरोंग आयलंड."

"बरं. मग तूच सांग, आज काय गळलं?"

"माय पेशन्स."

रामटेके टाळ्या वाजवायचे.

मंडळात मात्र ही रीत चालायची नाही. आमच्या मंडळात गोष्टी 'छान' होतात. गणपती छान होतो, कोजागिरी छान होते. एका गणपतीत रामटेके आरतीआधी हॉलभर हिंडून आले आणि कार्यकर्त्यांना म्हणाले, "मागचं दार मखरानं अडलंय. आग लागली तर इतकी माणसं एका दारातून कशी निघतील?"

"सर, आता गणपती हलवायचा का?" एक जण म्हणाला.

"गणपतीला काहून हलवता? थर्माकोलला हलवा."

थर्माकोल हलला, दार मोकळं झालं. आणि पुढच्या आठवड्यात माझ्या कानावर आलं की रामटेक्यांना 'आपल्या' गणपतीचा त्रास होतो. ते बौद्ध आहेत, हे तोवर सगळ्यांना समजलं होतं. समजून घेण्याची आपली पद्धतही ठरलेलीच असते. पहिल्याच भेटीत एका काकूंनी गोड आवाजात विचारलं होतं, "रामटेके म्हणजे मूळचे रामटेकचे का?"

"त्याच बाजूचे. आमच्या वस्तीतून डोंगर छान दिसायचा," रामटेके म्हणाले, "गाव मधे यायचं नाही."

काकूंना उत्तर पोचलं. त्यांनी पटकन विषय बदलून भाज्यांचे भाव काढले.

मंडळाची मराठी पुस्तकं माझ्या घरी दोन कपाटांत असतात. ती न्यायला फार कोणी येत नाही. रामटेके येत. पण ज्या पुस्तकानं त्यांना धरून ठेवलं ते माझ्या कपाटातलं नव्हतं. जुन्या पुस्तकांच्या एका विक्रीतून त्यांनी एक जाडजूड इंग्रजी चरित्र उचललं होतं. अमेरिका नुकती अमेरिका होत होती, त्या काळातल्या एका व्यापाऱ्याचं. हा व्यापारी पुढे राजकारणात गेला आणि मोठा झाला. त्याचं नाव मी इथे देत नाही. ते पुरेशा इमारतींवर असेल. रामटेके त्याला 'शेटजी' म्हणत.

"शेटजी काल विधिमंडळात पोचले, ताई," ते लिफ्टमध्ये सांगायचे. किंवा, "शेटजींचं जहाज बुडालं. पण शेटजी नाही बुडले. तसे लोक बुडत नाहीत."

त्या माणसाबद्दल त्यांना खरोखर आदर होता, हे मला ठासून लिहायचं आहे, कारण पुढे उलटंच पसरवलं गेलं. गरीब घरातला पोरगा, दुसऱ्याच्या पेढीवर झाडू मारत मारत धंदा शिकला, स्वतःचं पहिलं गलबत घेतलं. खारवलेले मासे भरून दक्षिणेच्या उसाच्या बेटांवर पाठवायचा, तिथून मळी आणायचा, मळीची दारू गाळायचा. राजानं कर लादले तेव्हा हाच माणूस बंदरात उभा राहून बोलला, आपलं सगळं पणाला लावून बोलला. युद्ध झालं, तो निवडून गेला, नव्या देशाच्या कायद्यांवर त्याचा हात फिरला. रामटेके हे सांगताना हातातला चहा विसरत. "हिंमत होती, ताई. धंदेवाला माणूस नुकसान दिसत असताना उभा राहत नाही. हा राहिला."

मग एके रविवारी ते पुस्तक घेऊनच खाली आले. आत आले, कपाट ठोकलं आणि बसले. "गळती सापडली," ते म्हणाले.

चरित्रकारानं शेटजींच्या घराचं वर्णन केलं होतं. चहाच्या कपांवर चार पानं. ते कुठून मागवले, त्यावर कोणती फुलं होती, कोणता कप कोणाच्या हातून फुटला. आणि त्यानंतर एक ओळ. घरात सीझर नावाचा एक काळा गुलामही होता, तो पिंपं बांधायचा. संपलं. पुन्हा सीझर पुस्तकात नाही.

"मासे पिंपात. मळी पिंपात. दारू पिंपात," रामटेके म्हणाले. "आणि ती दारू आफ्रिकेच्या किनाऱ्यावर देऊन माणसं विकत घेत होते, त्याचं अर्धं पान आहे, तेही मान फिरवून लिहिलेलं. ते सोडा. मी टाक्यांमधला माणूस आहे. मला फक्त एवढं समजतं, की समुद्रात पिंप गळलं असतं तर शेटजी शेटजी झालेच नसते. गळलं नाही. कोणाच्या हातामुळे?"

मी वाकून ती ओळ वाचली.

"आणि नाव बघा ना. सीझर! गुलामाला सम्राटाचं नाव ठेवायचं आणि पिंप उचलायला लावायचं. हसायला बरं." थोडा वेळ ते पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर बोट वाजवत राहिले. "माझ्या आजाचं नाव कचरू. तिकडे थट्टा वरून, इकडे खालून. नाव ठेवणाऱ्यांची अक्कल सगळीकडे सारखी."

पिंपाबद्दल मात्र त्यांना पुस्तकातून काही मिळालं नव्हतं. ते शिकले आमच्या हॉकर सेंटरमध्ये, इमारतीखालच्या खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात. तिथं एक चिनी आंटी ताउ हुए विकते. सोयाबीनच्या दुधाचा गोड, थरथरणारा, दह्यासारखा पदार्थ. इतरांकडे स्टीलची भांडी आली, तिच्याकडे जुना लाकडी पिंपासारखा डबा आहे, फळ्या जोडून वर लोखंडी कड्या ठोकलेला. रामटेक्यांनी अर्थातच तो ठोकला.

"अंकल! नो नॉक! दॅट वन नॉट डोअर लाह!"

"लीक नहीं होता?" रामटेके इंग्रजी आणि हिंदी मिसळून विचारत होते, हातानंही विचारत होते. "नो नेल, नो ग्लू. हाऊ नो लीक?"

आंटीनं त्यांच्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. "ड्राय, शुअर लीक. सोक फर्स्ट. वूड ड्रिंक, वूड फॅट. देन नो लीक."

लाकूड पाणी पितं, फुगतं आणि आपल्या फटी आपणच बुजवतं. रामटेके त्या दिवशी वाडगा हातात घेऊन तसेच उभे राहिले. मला म्हणाले, "बघा, किती नेमकी तासावी लागत असेल एकेक फळी. कमी तासली तर बसणार नाही, जास्त तासली तर फुगूनही फट राहणार. आणि हे काम करणाऱ्याला एक ओळ!"

आता मकरंदबद्दल. मकरंद आमचा अध्यक्ष. तो वाईट माणूस नाही, असं म्हणायची पद्धत आहे. नवीन आलेल्यांना तो फ्लॅट शोधून देतो, कोणाची नोकरी सुटली तर चार ठिकाणी शब्द टाकतो. मला हे सगळं मान्य आहे. आयटी कंपन्यांना माणसं पुरवायचा त्याचा धंदा आहे, आणि त्या वर्षी त्याच्या पुण्याच्या फेऱ्या वाढल्या होत्या. तिकडच्या एका वॉर्डात त्याचे वाढदिवसाचे फलक लागल्याचे फोटो मंडळाच्या ग्रुपवर आले होते. त्याला तिकीट हवं होतं. न सांगता सगळ्यांना माहीत होतं.

कोणाच्या तरी घरच्या जेवणात त्यानं रामटेक्यांकडून शेटजींची गोष्ट ऐकली. पहिली बाजू ऐकली, मग त्याला फोन आला. तो परतला तोच उत्साहात. "सर, एक्झॅक्टली असाच माणूस हवा! आपण कार्यक्रमच करू. 'व्यापारातून नेतृत्वाकडे'. तुम्ही बोला. तासभर."

रामटेक्यांनी त्या तासासाठी कित्येक महिने दिले. रजा घेऊन लायब्ररीत बसले, त्या काळातल्या बंदरांबद्दल, पिंपांबद्दल, गुलामांबद्दल वाचलं. सीझरबद्दल आणखी काही मिळेना. त्याचं मूळ नाव मिळेना, कबर मिळेना. रामटेके चिडत, पण थांबत नसत. एवढ्या वर्षांत मंडळानं त्यांना खुर्च्या मांडायला, दारं बघायला, फायर एक्स्टिंग्विशर तपासायला बोलावलं होतं. बोलायला पहिल्यांदा बोलावलं होतं. वहिनी मला म्हणाल्या, "यांनी दोन शर्ट शिवून घेतले. एक तालमीचा."

हो, तालीम. आमच्या मंडळात प्रत्येक कार्यक्रमाची तालीम होते. नाटकाची होते, नाचाची होते, तशी भाषणाचीही. कम्युनिटी क्लबच्या एका खोलीत मकरंद, खजिनदार शिल्पा आणि आणखी एक सदस्य असे तिघं समोर बसले. मी पुस्तकांच्या निमित्तानं मागे होते. रामटेके उभे राहिले, टेबल एकदा ठोकलं आणि म्हणाले, "नमस्कार. हा माणूस हुशार होता, धाडसी होता, ते मी सांगणारच आहे. पण आमच्याकडे काम सुरू करण्याआधी गळती सांगतात. तर शेटजींच्या घरात सीझर नावाचा एक माणूस होता..."

"सर, एक मिनिट," मकरंदनं हात वर केला. "मस्त आहे. पण हे शेवटी घेऊ या का? किंवा, खरं म्हणजे, नकोच."

"काहून?"

"लोकं शनिवारी दमून येतात. नंतर बिर्याणी आहे. गुलाम वगैरे ऐकून कोणाच्या घशाखाली उतरणार?"

"सीझरच्या घशाखाली काय उतरायचं, ते पुस्तकात दिलेलं नाही," रामटेके शांतपणे म्हणाले.

"सर, जरा पॉझिटिव्ह ठेवा ना," शिल्पा म्हणाली. "प्रेरणादायी. मुलंही असतात."

"मुलांनी चूक कशी सांगायची हे शिकू नये का?"

मकरंद हसला. माणसं दमली की हसतात तसं. "तुम्ही लोकं ना, प्रत्येक गोष्टीत तेच आणता."

रामटेक्यांनी त्याच्याकडे बघितलं, मान किंचित कलती करून, टाकीचा आवाज ऐकावा तशी.

"तुम्ही लोकं म्हणजे? इंजिनियर?"

मकरंदनं समोरचे कागद नीट केले.

"तसं नाही, सर. यू नो व्हॉट आय मीन."

"नाही ना. सांगा. आमच्याकडे सांगणाऱ्याला टाळ्या वाजवतात."

मकरंदनं सांगितलं नाही. तो घड्याळाकडे बघून म्हणाला की आपण निवांत बोलू. ते निवांत बोलणं कधीच झालं नाही. काही दिवसांनी ग्रुपवर निमंत्रण आलं. 'व्यापारातून नेतृत्वाकडे. सादरकर्ते', आणि पुढे मकरंदचं नाव. खाली बारीक अक्षरात, 'माहिती संकलन : श्री. रामटेके'. तालमीसाठी त्यांनी दिलेली चित्रं आणि टिपणं मंडळाच्या लॅपटॉपवर होतीच. त्यांना कोणी साधा फोन केला नाही.

मी रागानं वर गेले. वहिनी भिंतीकडे तोंड करून कपड्यांना इस्त्री करत होत्या. त्यांचा राग इस्त्रीच्या फेऱ्यांत दिसत होता. रामटेके मोबाईलवर ते निमंत्रण मोठं करून वाचत होते.

"तुम्ही जाणार नाही ना, भाऊ?" मी विचारलं.

"जाणार ना. शेटजींना भेटायचं आहे. शिवाय मागचं दार बघायला हवं."

ते गेले. इस्त्रीचा निळा शर्ट घालून, भाषणासाठी शिवलेला. तिसऱ्या रांगेत बसले, एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला मैत्रेयी. मकरंद चांगला बोलतो, हे नाकारता येत नाही. झाडू मारणारा पोरगा, पहिलं गलबत, राजाला दिलेलं आव्हान. शब्द बरेचसे रामटेक्यांचेच होते. लिफ्टमध्ये ऐकलेली वाक्यं मला तिथं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येत होती. करांचा प्रसंग आला तेव्हा मकरंदनं आवाज चढवला, "आम्ही कोणाचेही गुलाम होणार नाही, हा तो बाणा!" टाळ्या पडल्या. रामटेक्यांनी मला दाखवलेल्या टिपणांत याच प्रसंगापुढे एक वाक्य होतं. शेटजी हे बोलून बाहेर आले, तेव्हा त्यांचा घोडा धरून कोण उभं असेल? ते वाक्य अर्थातच आलं नाही.

मग पडद्यावर धक्क्यावर रचलेल्या पिंपांचं चित्र आलं. "बघा, सप्लाय चेन!" मकरंद म्हणाला. "त्या काळात!"

प्रश्नोत्तरं सुरू झाली. रामटेक्यांनी हात वर केला. बराच वेळ तो वरच होता. शेवटी दुसरा एकही हात उरला नाही तेव्हा मकरंदला तो दिसला.

"अध्यक्ष, एकच प्रश्न," रामटेके उभे राहून म्हणाले. "पिंपं कोण बनवत होतं?"

"सर, डीटेल्स आपण जेवताना घेऊ," मकरंद हसत म्हणाला. हॉलही हसला. शिल्पा आभारासाठी पुढे यायला निघाली.

रामटेके बसले, पण हात खाली घेतला नाही. आणि मग आयुष्यभर 'पप्पा, डोन्ट स्टार्ट लाह' म्हणणारी ती मुलगी उठली.

"एक्स्क्यूज मी. ही आस्क्ड अ क्वेश्चन. सो, हू मेड द बॅरल्स?"

"बेटा, ते तुझ्या पप्पांनाच माहीत."

"देन लेट हिम आन्सर, लाह."

रामटेक्यांनी आता हात खाली घेतला आणि बसूनच, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं म्हणाले, "सीझर."

"रोमचा?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सुटका झाल्यासारखे सगळे हसले. आभार झाले. बिर्याणीची रांग लागली.

मंडळात रामटेके जे बोलले ते एवढंच. एक प्रश्न आणि एक शब्द. त्याला शोकसभेत 'अभ्यासपूर्ण व्याख्यान' म्हटलं गेलं.

परतताना आम्ही सगळे एमआरटीत होतो. रामटेके खांबावर बोट वाजवत होते. मैत्रेयी त्यांच्या खांद्याला टेकून उभी होती. बऱ्याच स्टेशनांनंतर त्यांनी विचारलं, "मग, आज काय गळलं?"

"बिर्याणी," ती म्हणाली. "टू मच ऑइल."

ते हसले, पण त्या दिवसानंतर शेटजींचा विषय त्यांनी लिफ्टमध्ये काढला नाही. माझा राग गेला नाही, त्यांचा गेला होता का, हे मला सांगता येणार नाही. ते अपमान लपवणारे नव्हते, पण मिरवणारेही नव्हते. एकदाच म्हणाले, "मकरंदचं मला वाईट वाटतं, ताई. त्याला पुण्यात निवडून यायचंय. शेटजींकडून तो नेमकी चुकीची गोष्ट शिकला."

पुढच्या पावसाळी महिन्यांत आजारपण आलं. ते फार लांबलं नाही. ते गेल्यावर वहिनी आणि मैत्रेयीला इथला मुक्काम आवरावा लागला. ज्याच्या नोकरीवर घरच्यांचे इथं राहण्याचे पास उभे असतात, तो गेला की घरही जातं. शोकसभेच्या दिवशी वर खोक्यांना टेप लावली जात होती. मकरंदनं कागदपत्रांसाठी पुष्कळ धावपळ केली, हेही लिहायलाच हवं. आधी गळती, असा रामटेक्यांचा नियम होता. फक्त गळती, असा नव्हता.

पण शोकसभा संपल्यावर मी मकरंदला दारात गाठलं. म्हटलं, "त्यांनी व्याख्यान दिलं नव्हतं. तुम्ही देऊ दिलं नव्हतं."

तो खरोखर दुखावला. म्हणाला, "ताई, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं."

"खोटं?"

"चांगलं," तो म्हणाला आणि निघून गेला.

मला या शब्दाची चीड आहे. चांगलं. चार पानं कप आणि एक ओळ माणूस, हेही कोणीतरी चांगल्याच भावनेनं लिहिलं असेल. जिवंतपणी जे मागितलं ते द्यायचं नाही, आणि मेल्यावर ते दिलंच होतं असं सांगून टाळ्याही आपणच घ्यायच्या. मेलेला माणूस हात वर करत नाही, ही केवढी सोय. सीझरचं काय झालं ते आपल्याला माहीत नाही, त्याला फार काळ लोटला. रामटेक्यांचं काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. माणसाला एका ओळीत कसं बसवतात, आणि ती ओळही कशी खोटी असते, ते मला शोकसभेत, त्या मौनात उभं राहून समजलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते हॉकर सेंटरमध्ये, रविवारी सकाळी. दोन इस्पितळवाऱ्यांच्या मधल्या दिवसांत ते घरी होते. मनगटाला इस्पितळाचा पट्टा तसाच, गळ्यात पास मात्र नव्हता. तो नसल्यामुळे ते मला अनोळखी वाटले. शर्ट अंगावर लोंबत होता. खाणं जात नव्हतं, पण ताउ हुए जाईल म्हणून वहिनींना घेऊन खाली आले होते.

आंटीच्या दुकानासमोर ते वाकले आणि डबा ठोकला. हळू, दोनदा. कान लावला.

"अंकल, हाऊ मेनी टाइम आय टेल यू," आंटी म्हणाली. पण ओरडली नाही. त्यांच्याकडे बघून तिनं वाडगा नेहमीपेक्षा जास्त भरला.

"हू मेड धिस?" रामटेक्यांनी विचारलं.

"धिस? माय फादर-इन-लॉ. लाँग टाइम डेड ऑरेडी."

"नेम?"

तिला प्रश्न समजला नाही. "व्हॉट नेम?"

"हिज नेम. द मॅन हू मेड."

आंटीचा चमचा थांबला. हे तिला बहुधा कोणी विचारलं नव्हतं. मागे रांग वाढत होती. एक माणूस घड्याळाकडे बघत होता. ती म्हणाली, "आह सेंग."

रामटेके डब्यावर हात टेकून सरळ उभे राहिले. त्यांना पुरतं सरळ उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग, पलीकडच्या टेबलांवरची माणसं मान वळवून बघतील इतक्या मोठ्यानं, ते म्हणाले, "आह सेंग."

आणि वाडगा घेऊन, वहिनींचा हात धरून, जागा शोधायला गेले.